उजवा कोपरा नांदेडला दिला

लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात आप्पांची आडत होती आणि त्या आडतीच्या जिवावर आमचा कबड्डीचा संघ चालायचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि खेळाचं असलं वेड की सामना हरला तर आप्पा त्या दिवशी जेवायचे नाहीत. आम्ही चौदा जण त्यांच्या हजेरीपटावर होतो. कुणी मापाडी, कुणी राखणदार, मी मुनीम. काम थोडं, सराव जास्त. स्पर्धा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालायच्या. पावसाळ्यात मैदान बंद पडलं की आप्पांच्या गादीवर दुसरा खेळ सुरू व्हायचा. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुठल्या संघातून कुणाला फोडून आणायचं, हे सगळं तिथं लोडाला टेकून ठरायचं.

मी कप्तान. डावा कोपरा माझा. उजव्या कोपऱ्याला मुखेडकडचा एक गडी होता. सात वर्षं आम्ही ती दोन टोकं सांभाळली. चढाईला आलेल्याचा घोटा त्यानं धरला की मी मागून कमरेला मिठी मारायची. मी धरला की तो धावून यायचा. माझ्या लग्नात मांडवाच्या मेढी त्यानं रोवल्या होत्या, आणि माझी आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात माझ्या आधी तो पोचला होता.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आप्पांच्या अंगात वारं शिरलं. आता आपल्या जिल्ह्याचा संघ राज्यात गाजला पाहिजे, असं ते येईल त्याला सांगायचे. पण त्याच सुमाराला पाऊस सलग दोन वर्षं रुसला. मोंढ्यात तुरीची पोती येईनाशी झाली. कबड्डीचं मैदान मऊ ठेवायचं तर रोज पाणी शिंपावं लागतं. एकदा आम्ही दोन पिंपं ओतली, तर समोरच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावत आल्या. "मातीला पाजता व्हय रे? आमची लेकरं काय माती खातील?" त्या दिवसापासून शिंपणं बंद. आम्ही त्या खडकासारख्या जमिनीवरच पडायला लागलो.

उदगीरच्या स्पर्धेहून परत येताना एसटीत त्यानं धोतर वर करून मला उजवा गुडघा दाखवला. सुजून नारळाएवढा झाला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. जिना उतरताना अडकतो. कुणाला सांगू नको गड्या. आप्पाला कळलं तर हजेरीपटावरून नाव जाईल."

"मी कशाला सांगतो?" मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

त्या पावसाळ्यात, म्हणजे नुसत्या नावाच्या पावसाळ्यात, आप्पांनी मला एकट्याला गादीवर बोलावलं. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"चौदा माणसं पोसणं आता होत न्हाई. दहा ठेवतो. दोन राखीव गडी आणि दोन म्हातारे सोडतो. नांदेडच्या एका जिनिंगवाल्याचा संघ हाय, त्यांचा एक नंबर चढाईवाला ते द्यायला तयार हायत. बदल्यात त्यांना कोपरा पाहिजे. डावा देऊ का उजवा, तूच सांग."

मग त्यांनीच पुढं विचारलं.

"तुझं वय काय?"

"एकतीस."

"त्याचं?"

"अठ्ठावीस."

"मग सरळच हाय की. जास्त दिवस खेळणारा ठेवावा माणसानं."

मला डोळ्यांपुढं नांदेड दिसलं. अनोळखी गाव, भाड्याची खोली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी घेतलेली बायको, आणि कप्तानपद गेलेलं. हे सगळं लिहायला जेवढा वेळ लागला तेवढाही मला तेव्हा लागला नाही.

"त्याचा गुडघा गेलाय, आप्पा," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं. रागावले नाहीत. उलट आवाज खाली आणून म्हणाले, "हे आणखी कुणापाशी बोलू नको." एवढ्यावरून मी समजलो. दुखरा गुडघा धडधाकट म्हणून नांदेडला जाणार होता. मी मान हलवली आणि मोंढ्यातून घरी आलो. जेवलोही.

दोन दिवसांनी माझा जोडीदार संघ सोडण्याचा ना हरकत दाखला खिशात घालून माझ्या घरी आला. आनंदात होता. तेच मला सोसलं नाही.

"नांदेडवाल्यांनी माझं नाव घेऊन मागणी केली म्हणं. आप्पा म्हणाले, तुझ्यासारखा कोपरा मराठवाड्यात न्हाई. गाव बी जवळ पडतंय मला." मग जरा घुटमळून म्हणाला, "तिथं जम बसला की तुझं बी बोलतो. तू इथं एकटा राहून काय करणार?"

"आधी तू जाऊन बघ," मी म्हणालो. बायकोनं त्याच्या हातावर दही ठेवलं.

नांदेडवाले खुळे नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला एका पायावर बसायला आणि उठायला लावलं. तो बसला, पण उठू शकला नाही. त्यांनी त्याला दहा दिवसांचा पगार हातावर टेकवून वाटेला लावलं. आपला चढाईवाला परत मागायला त्यांचा माणूस लातूरला आला. आप्पांनी सही झालेला कागद पुढं केला आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

त्या माणसाच्या मागोमाग माझा जोडीदार स्वतः आला. मी गादीच्या कडेला वही लिहीत बसलो होतो. तो आप्पांच्या पाया पडला. "पोती मोजतो, झाडलोट करतो, खेळायला घेऊ नका. पण ठेवा."

"ठेवलं असतं रे," आप्पा पान लावत म्हणाले. "पण तुझा कप्तानच बोलला, गुडघा गेलाय म्हणून. गेलेल्या गुडघ्याला पोतं तरी झेपंल का?"

तो माझ्याकडं वळला. शिव्या देईल, हात उगारेल, असं मला वाटलं. निदान तसं व्हावं असं वाटत होतं.

"गाडीत मी तुलाच दाखवला व्हता," तो म्हणाला आणि चप्पल घालून चालता झाला. पायऱ्या एकेक करून, भिंतीला धरून उतरला. मी उठलो नाही.

नांदेडचा चढाईवाला एक हंगाम आमच्याकडून खेळला. चांगला होता. मग पुण्याच्या एका कंपनीनं त्याला उचललं आणि तो आप्पांना न सांगता निघून गेला. उजव्या कोपऱ्याला आम्ही तीन जण बदलून पाहिले, कुणाशीच माझं जुळलं नाही. पुढच्या वर्षी आप्पांना नव्या जिल्ह्याच्या राजकारणात जागा मिळाली आणि त्यांची कबड्डीची हौस फिटली. संघ मोडला. मी मात्र तरलो. त्या शेवटच्या हंगामाचा कप्तान असल्याचा दाखला अर्जाला जोडला, आणि जिल्ह्याच्या एका कचेरीत खेळाडूंच्या राखीव जागेवर कारकून म्हणून चिकटलो. जन्मभर भाकरी त्या दाखल्यावर खाल्ली.

पुष्कळ वर्षांनी कामानिमित्त मुखेडला गेलो. बाजाराचा दिवस होता. दोरखंड, कासरे, वेसणी मांडून तो पोत्यावर बसला होता, एक पाय लांब सोडून. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता माफी मागावी. शब्दही जुळवले होते. पण त्यानंच हात जोडले.

"या, बसा. कधी आलात?"

मी बसलो. त्यानं चहा मागवला, पैसेही त्यानंच दिले, मला खिशात हात घालू दिला नाही. पिकापाण्याचं बोलला, लेकीच्या लग्नाचं बोलला. खेळाचं अवाक्षर काढलं नाही, आणि त्यानं काढलं नाही म्हणून मलाही काढता आलं नाही. शेजारच्या मिरचीवाल्यानं विचारलं, "पाव्हणे कोण?"

"लातूरचे साहेब हायत," तो म्हणाला. "कचेरीतले. वळखीचे हायत." आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला कासरा मापून द्यायला लागला.