दादा गुहेत थांबला तेव्हा

माझा मोठा भाऊ अकोल्याला वकील आहे. डोंगर, जंगल, पायी भटकणं यातलं त्याला काहीही कधी आवडलं नाही. लहानपणी मूर्तिजापूरला आमच्या घरामागे नुसता चिखल झाला तरी तो वळसा घालून जायचा. म्हणून मी फोनवर सहज सांगितलं की आमच्या कॉलेजातले काहीजण रविवारी सातपुड्याच्या एका दरीत आणि गुहेत चाललेत, मीही जाते आहे, आणि तो पटकन म्हणाला, "मी बी येतो," तेव्हा मला वाटलं गंमत करतोय.

"तू? आणि गुहेत?"

"काहून? म्हातारा झालो का मी?"

मी हसले आणि त्याचं नाव दिलं.

आधीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा अकोल्याच्या एका दवाखान्यात आयसीयूमध्ये होता. आत कोणाला जाऊ देत नव्हते. आम्ही सगळे फोनला कान लावून बसलेलो. तो वाचला, घरी आला, काही महिन्यांनी कोर्टात उभा राहू लागला. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत. त्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की म्हणायचा, "मेलो नाही ना, मग झालं." आम्हीही मग विचारायचं सोडून दिलं. वहिनी एकदा मला म्हणाली होती, "ताई, हे आताशा बैठकीतच झोपतात, अन दार सताड उघडं ठेवतात. चोर शिरन म्हटलं तर ऐकत नाहीत." आम्ही दोघींनी उकाड्यावर ढकललं.

शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडे अमरावतीला आला. डिसेंबरची थंडी होती. मी आतल्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं होतं, ते त्याने स्वतः उचलून हॉलमध्ये आणलं. सकाळी मी उठले तेव्हा बाहेरचं दार उघडं, आणि तो कानटोपी घालून गादीवर बसलेला.

"झोपला नाहीस का रे?"

"झोपलो ना. तुमच्या गल्लीतले कुत्रे लय भुकतात."

जीपमध्ये आम्ही आठ-दहाजण होतो. वाटेत गिला वडा खाल्ला, चहा झाला. मोर्शीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आंबिया बहाराची तोडणी चालू, ट्रकमध्ये क्रेट चढत होते. दादा एकामागून एक कोर्टातले किस्से सांगत होता. पुढच्या सीटवरच्या दोन मुली पोट धरून हसत होत्या. मला बरं वाटत होतं. फार दिवसांनी तो असा बोलत होता.

डोंगराच्या पायथ्याशी गाइड आमची वाट पाहत होती. पस्तिशीची बाई, अमरावतीच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि हिवाळ्यात रविवारी लोकांना इथे घेऊन येते. तिच्याबरोबर सगळ्यांच्या शेवटी चालायला पलीकडच्या गावातला एक कोरकू माणूस होता. तिने सगळ्यांना हेल्मेट दिली, त्यांवरचे दिवे लावून पाहायला सांगितले, आणि पुढे काय काय येणार ते समजावलं. आधी दरीतून चालायचं, दगड निसरडे आहेत. मध्ये कमरेएवढं पाणी लागेल, तिथे दोर बांधलाय. मग गुहा. पहिली खोली मोठी, तिथे वटवाघळं. तिच्या मागे एक अरुंद नळी, साधारण एका बसएवढी लांब. पोटावर सरपटत जावं लागेल. पलीकडे उजेडाची दुसरी खोली आणि बाहेर पडायची वाट.

"कोणाला बंद जागेची भीती वाटते का?" तिने विचारलं. "वाटत असेल तर आत्ताच सांगा. लाज वाटायचं काही कारण नाही. आपण पहिल्या खोलीतून परत फिरू."

एका माणसाने विनोद केला की बायकोच्या धाकात राहून बंद जागेची सवय झालीय. सगळे हसले. दादाही हसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहावं असं काही मनातच आलं नव्हतं.

दरी सुंदर होती. दोन्ही बाजूंना पिवळसर-तांबडे खडक, वर आभाळाची निमुळती पट्टी, खाली गुळगुळीत गोटे. माकडं कपारीतून आमच्याकडे पाहत बसलेली. पाणी इतकं गार होतं की उतरल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना. दादा दोर धरून पलीकडे गेला आणि मग परत अर्ध्या पाण्यात येऊन त्याने त्या दोन मुलींना हात दिला. ओल्या पँटीतून पाणी निथळत होतं आणि तो म्हणत होता, "या पोरीहो, भेऊ नका, मी हाव ना."

गुहेच्या पहिल्या खोलीत वास होता. ओल्या मातीचा, वटवाघळांच्या विष्ठेचा, आणि आणखी कसला तरी, जो घशाशी बसतो. दिवे वर केले तर छतावर वटवाघळं थरथरत होती. दादा इथे गप्प झाला. मला वाटलं, दमला असेल. गाइडने क्रम लावून दिला. सगळ्यात पुढे ती स्वतः, मग त्या दोन मुली, मग दादा, त्याच्यामागे मी, माझ्यामागे बाकीचे, शेवटी कोरकू भाऊ.

नळीत शिरताना हात पुढे करावे लागतात. कोपरांवर जोर द्यायचा आणि पायाने ढकलायचं. डोकं वर केलं की हेल्मेट खडकाला लागतं. माझ्या दिव्याच्या उजेडात दादाच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. ते पुढे सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. मग थांबले.

मी वाट पाहिली. ते हललेच नाहीत.

"दादा? काय झालं?"

फक्त श्वास ऐकू येत होता. त्या अरुंद जागेत तो श्वास इतका मोठा वाटत होता की क्षणभर मला तो माझाच वाटला.

"दादा, अडकलास का?"

"हात सोडा," तो म्हणाला.

मला कळेना. त्याचे हात कोणी धरलेच नव्हते. पुढच्या मुली केव्हाच पलीकडे पोचल्या होत्या.

"अवं माय, हात सोडा ना माझे. सिस्टर, हात सोडा. मी नाही काढत, खरंच नाही काढत."

त्याला धीर द्यावा म्हणून मी पुढे सरकून त्याचा घोटा धरला. आपण लहान मुलाला धरतो तसा. तो किंचाळला आणि त्याने लाथ झाडली. बूट माझ्या हेल्मेटवर आदळला, दिवा तिरपा झाला. "पाय सोड! पाय सोड म्हटलं ना!" माझ्यामागून कोणीतरी ओरडलं, काय चाललंय. कोणीतरी म्हणालं, वकीलसाहेब अडकले वाटते. आणि दादा हेल्मेटच्या पट्ट्याला हात लावायचा प्रयत्न करत होता, पण त्या जागेत हात तोंडापर्यंत येत नव्हते. खडकावर नखं घासल्याचा आवाज येत होता.

मी घोटा सोडला. मागे वळून पाहता येत नव्हतं, तशीच ओरडले, "सगळे मागे जा! नळी रिकामी करा. लवकर!" कोरकू भाऊचा आवाज आला, तो एकेकाला मागे ओढून घेत होता. मीही मागे सरकले, दादाच्या पायांपासून हातभर दूर.

"दादा, मी सोडलं तुले. कोणीच धरलं नाही. माझे दोन्ही हात माझ्याजवळ हायेत."

मी फार वर्षं वऱ्हाडी बोलत नाही. कॉलेजात बोलायची सवय गेली, घरी मुलं हसतात. त्या वेळी तीच तोंडातून आली.

समोरून गाइड परत आत आली होती. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "काका, मी तुमच्या समोर आहे. दिवा खाली केलाय, डोळ्यांवर नाही येणार. तुम्हाला पुढे यायचं नाही. मागची वाट मोकळी आहे. घाई नाही."

"मोकळी हाय का खरंच?" तो मला विचारत होता.

"खरंच मोकळी हाय. तुह्या मागं मीच हाव फक्त, अन मी बी सरकून राहिली."

"दार?"

"उघडं हाय."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याचा एक बूट मागे सरकला. मग दुसरा. मी तसतशी मागे जात राहिले आणि दर वेळी सांगत राहिले, की जागा आहे, अजून जागा आहे. मोठ्या खोलीत बाहेर पडल्यावर तो उभा राहिलाच नाही. हातापायांवर रांगत तो थेट गुहेच्या तोंडापर्यंत, उन्हापर्यंत गेला. माणसं बाजूला झाली. मघाशी विनोद करणारा माणूस खाली पाहत होता.

गाइडने बाकीच्यांना पलीकडच्या वाटेने नेलं. कोरकू भाऊने आमच्याजवळ पाण्याची बाटली ठेवली आणि तो थोडा लांब जाऊन बसला. दादाची बोटं सोलवटली होती. मी डबा उघडला, भाकरी आणि बेसन पुढे केलं. त्याने मानेनेच नको म्हटलं.

"काय म्हणत होतो मी आत?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

मग तो बोलला, कोर्टात बोलतो तसं सलग नाही, तुटक. आयसीयूत त्याच्या तोंडावर मास्क होता. जीव घाबरायचा, तो मास्क काढून टाकायचा. दोन-तीनदा काढला. मग त्यांनी त्याचे हात बँडेजच्या पट्टीने कॉटला बांधले. पाय झाडायला लागला तर पायही. शेजारच्या कॉटवरचा माणूस मेला, आणि दादाला ना कूस बदलता येत होती, ना डोळ्यांवर हात ठेवता येत होता. बराच वेळ कोणी त्या माणसाला न्यायलाही आलं नाही.

"किती दिवस?"

"माहीत नाही. दिवस समजत नव्हते."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? बांधलं होतं म्हणून सांगू? बैलासारखं?"

मला त्या दवाखान्याचा संताप आला. मी बोलले तसं. तो मान हलवत राहिला. "नाही वं. ती सिस्टर लेकीएवढी पोरगी होती. अख्ख्या वॉर्डात एकटी. ती बांधून राहिली होती अन रडून राहिली होती. अंकल, माफ करा म्हणे. नसतं बांधलं त मी मेलो असतो. मले समजते ते." थोड्या वेळाने म्हणाला, "इतकी वर्षं लोकाईच्या केसी लढलो. या केसमंदी समोर कोणीच नाही. कोणावर राग काढू?"

"मग इथे कशाला आलास?"

"पाहाचं होतं. जमते का."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी काही विचारलं नाही. तो खिडकीशी बसला होता, काच पूर्ण खाली, आणि गार वाऱ्याने सगळे कुडकुडत होते तरी कोणी काच वर करायला सांगितलं नाही. माझ्या दारात त्याने एवढंच म्हटलं, "तुह्या वहिनीले सांगू नको." आणि जेवायला न थांबता अकोल्याची बस धरली.

त्यानंतर त्याने माझे फोन घेतले नाहीत. वहिनीचा मात्र आला. "ताई, तिकडं काय झालं? बोटाले पट्ट्या हायेत. बोलत नाहीत. जेवत नाहीत. तुमी काहून लपवून राहिल्या?" मी म्हटलं, पाय घसरला होता. तिला ते खरं वाटलं नाही हे मला समजत होतं, आणि मला दुसरं काही बोलताही येत नव्हतं. ते दिवस फार वाईट गेले. वर्गात शिकवताना मध्येच मला त्याची नखं खडकावर घासल्याचा आवाज यायचा.

शेवटी एका दुपारी न कळवता अकोल्याला गेले. दादा बैठकीत बसला होता. मला पाहून रागावेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "बस. तिले बी बोलाव. तू असली तर सांगणं होईन माह्यानं."

वहिनी पदराला हात पुसत आली. त्याने सांगितलं. गुहेचं आधी, मग दवाखान्याचं. सांगताना तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होता. वहिनीने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली,

"मी रोज गेटवर डबा घेऊन उभी राहायची. तिथला एक वॉर्डबॉय पोऱ्या आत जाऊन विचारून यायचा. म्हणायचा, काकू, साहेब आराम करून राहिले, शांत झोपले हायेत. मी रोज त्याच्या पाया पडायची. इतकं बरं वाटायचं मले ऐकून."

दादाने मान वर केली. त्याला हे ठाऊक नव्हतं. तिचं रोज गेटवर उभं राहणंही त्याला ठाऊक नव्हतं. तो समजत होता, तिला फोनवरच कळत असेल. दोघं एकमेकांसमोर बसून होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण त्यांच्यापैकी कोणीच मला जा म्हटलं नाही.

आता तो महिन्यातून दोनदा अमरावतीला एका डॉक्टरांकडे येतो. अकोल्यात नको म्हणाला, कोर्टातलं कोणी पाहील. वहिनी बरोबर असते. कधी कधी तो डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो आणि दोघं माझ्याकडे लवकर जेवायला येतात, तेव्हा मी काही विचारत नाही. एखाद्या वेळी तो आत जाऊन पूर्ण वेळ बसतो. त्या दिवशी तो फार थकलेला असतो, जेवणाच्या ताटावरच त्याचे डोळे मिटायला लागतात, आणि वहिनी त्याच्या हाताला न धरता, नुसतं "अहो" म्हणून हाक मारून त्याला उठवते.