सहावा चौरंग

"आधी माझा पाय, मंग तुमचा," एवढं बोलून मिस्त्री विंगेत चपला काढून ठेवायचे आणि रिकाम्या रंगमंचावर अनवाणी चालू लागायचे. डोळे मिटलेले, हात पाठीमागे. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, एकही फळी न सोडता. कुठे खिळ्याचं डोकं वर आलेलं असलं, कुठे चिमूटभर भुसा राहिला असला की ते थांबत आणि तिथेच उकिडवे बसून कामाला लागत. आम्ही पोरी तोवर घुंगरं हातात धरून ताटकळत असायचो. आमच्यातली एक त्यांची नक्कलही फार छान करायची.

साठ-सत्तर सालांत नागपुरात नाटकं पाहणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर मिस्त्रींना पाहिलं असेलच. ओळखलं मात्र नसेल. पडदा सरकताना विंगेच्या कडेला एक निळा सदरा दिसून नाहीसा व्हायचा, तो त्यांचा. लकडगंजात त्यांचं सुतारकीचं दुकान होतं आणि आमच्या महाल भागातल्या हौशी मंडळाचं नेपथ्य तेच करायचे. बोलणं कमी, चेहरा कायम काळजीतला. प्रयोग संपून सगळे एकमेकांची पाठ थोपटत असताना हा माणूस हातोडी पिशवीत टाकता टाकता म्हणायचा, "झालं बाप्पा एकदाचं."

मंडळाचं एक जुनं संगीत नाटक होतं. त्यात गाणी थोडी आणि नाच फार. त्याचं खरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं, सगळे 'सात चौरंगांचं नाटक' म्हणत. पाऊस न पडलेल्या नगरीसाठी एक नर्तकी देवीला नवस बोलते, की हातात पेटतं निरांजन घेऊन नाचत सात चौरंग चढेन. ज्योत विझली तर माझा प्राण घे. पहिला चौरंग वीतभर उंच, मग चढते चढते, आणि सातवा पुरुषभर. प्रत्येकावर एक गिरकी. माझ्या आयुष्यात हे नाटक तीनदा उभं राहिलं, आणि तिन्ही वेळांची तुलना करायला बसले की मला नट आठवत नाहीत, दिग्दर्शक आठवत नाहीत. मिस्त्रींचा चेहरा आठवतो.

पहिल्या वेळी मी सोळा वर्षांची होते. चार सख्यांपैकी एक. आमची जागा सहाव्या चौरंगाजवळ, हातात कलश घेऊन. नर्तकी होती कुसुमताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बोलायला तिखट, नाचायला उभी राहिली की दुसरं काही दिसूच नये अशी. पेंडालमध्ये प्रयोग, समोर सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, बाजूला पखवाज आणि सारंगी. ती चौथा चौरंग चढली की सगळा पेंडाल चिडीचूप व्हायचा. लहान मुलंसुद्धा रडायची थांबत. मिस्त्री विंगेत पाठ फिरवून उभे राहत. स्वतः केलेले चौरंग, सागवानाचे, पण त्यांच्याच्यानं बघवत नसे.

तिसऱ्या प्रयोगाला कुसुमताई सहाव्यावर चढली, गिरकी घेतली आणि पडली. मी दोन हातांवर होते. निरांजन आधी पडलं, मग ती. तिच्या पायातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो, ह्यात अतिशयोक्ती काही नाही. पखवाजवाल्याचे हात तसेच हवेत राहिले होते.

घोटा वाकडाच जुळला. नाच संपला. पण त्याहून वाईट नंतर सुरू झालं. देवीच्या नवसाचं नाटक, हातात देवीचं निरांजन, मग बाईनं विटाळ पाळला नसणार, असं आधी कोणीतरी हळूच म्हणालं आणि मग सगळेच उघड म्हणू लागले. जमलेलं लग्न मोडलं. आई-वडील आधीच नव्हते. ती भावाकडे कामठीला गेली आणि तिथे बायकांना शिवणकाम शिकवू लागली. मी मनातल्या मनात लोकांचंच खरं मानत होते, हे इथे सांगून टाकते. सोळाव्या वर्षी देवीची भीती फार असते.

त्यानंतर दहा-एक वर्षं नाटकाचं कोणी नाव काढलं नाही. मग पुण्याहून शिकून आलेल्या एका दिग्दर्शकानं ते पुन्हा बसवलं. चौरंगच काढून टाकले. पक्क्या नाट्यगृहात, सपाट रंगमंचावर खडूनं सात वर्तुळं काढली, मागे काळा पडदा, नर्तकीच्या हातात निरांजनाऐवजी रिकामी ओंजळ. वर्तमानपत्रांनी फार वाखाणलं.

"मले का रांगोळी काढाले बोलावलं?" मिस्त्री खडू हातात घेऊन दिग्दर्शकाला म्हणाले. तरी वर्तुळं काढण्याआधी ते सगळा रंगमंच अनवाणी फिरलेच.

तोवर माझं लग्न होऊन पदरात मुलगी होती. मी प्रेक्षकांत बसले होते. मध्यंतरात बाहेर येऊन त्यांना विचारलं, "कसं वाटून राहिलं, मिस्त्री?"

"चांगलं हाय. लोक खोकून राहिले."

"म्हणजे?"

"त्या टायमाले कोणी खोकललं होतं का? सहाव्यावर कोणाचा श्वास नव्हता ऐकू येत. आता पाह्य, खोकतेत, पान लावतेत. खोकू दे. माणूस खोकला म्हंजे त्याले भेव नाई." आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, मिस्त्री चक्क हसत होते. त्या दिवशी त्यांनी दोन बटाटेवडे खाल्ले आणि उरलेला प्रयोग पहिल्या रांगेच्या कडेला बसून पाहिला. मला तो प्रयोग बेचव वाटला होता, पण त्यांचं समाधान पाहून मी गप्प बसले.

तिसऱ्यांदा नाटक बसलं तेव्हा माझी मंजू अठराची झाली होती.

नाच तिच्या अंगात होता. त्या नाटकाच्या गोष्टी मीच तिला लहानपणापासून रंगवून सांगितल्या होत्या, पडण्याची तेवढी वगळून. नवीन दिग्दर्शक म्हणाला, जुनं जसं होतं तसंच करायचं, खरे चौरंग, खरं निरांजन. नर्तकीसाठी मंजूची निवड झाली. ती घरभर नाचत सुटली आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. नको म्हणायला तोंड उघडायचे आणि जेवायला वाढू का, एवढंच विचारायचे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, नाटक आहे ते." त्यांचंही बरोबर होतं.

मिस्त्री आता म्हातारे झाले होते, हाताला कंप होता. तरी चौरंग दुसऱ्या कोणाला करू दिले नाहीत. एक मात्र त्यांना पटत नव्हतं. पखवाजवाला नव्हता, सगळं संगीत टेपवर होतं.

"पखवाजवाला पोरीच्या पायाकडे पायते," ते दिग्दर्शकाला म्हणाले. "तिचा पाय अडला तं त्याचा हात अडते. हे डबडं कोणाकडे पायते?"

दिग्दर्शक हसला. मला हसू आलं नाही.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी एकटीच नाट्यगृहात गेले. सकाळी देवीला जाऊन आले होते. तिच्या हारातलं झेंडूचं फूल पदराला बांधलं होतं. विंगेत कोणी नव्हतं. मी चौरंगांपाशी गेले, टाचा उंचावून सहाव्याच्या कोपऱ्यात ते फूल ठेवलं, हात जोडले आणि मागे सरून खुर्च्यांत जाऊन बसले. आई करते ते मी केलं, असंच मला वाटत होतं.

थोड्या वेळानं मिस्त्री आले. चपला काढल्या, डोळे मिटून फळ्या तुडवल्या, मग थरथरत एकेक चौरंग चढू लागले. प्रत्येकावर अनवाणी तळवा चारी कोपऱ्यांत फिरवायचे. सहाव्यावर तळवा थांबला. ते खाली वाकले आणि फूल उचललं.

"हे कोनं ठेवलं?"

आवाज इतका बदललेला होता की मी उभीच राहिले. "मी. देवीचं आहे. मंजूसाठी."

मला वाटलं रागावतील. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं सहावा चौरंग पुसला, पुन्हा पुसला, मग ते हळूहळू उतरून रंगमंचावरच बसले. चेहरा पांढरा पडला होता.

"पाकळी चिरडली म्हंजे निसरडी होते वं पोरी," ते म्हणाले. मी जवळ जाऊन बसले तेव्हा खाली बघत म्हणाले, "म्याबी ठेवलं होतं."

"काय?"

"शेंदूर. त्या टायमाले, कुसुमच्या. दुसऱ्या खेळाले सहावा करकरला होता. लाकडात गाठ होती. मले लय भेव वाटलं. मंग मारुतीचा शेंदूर आनला अन् बोटभर लावला त्याच्यावर. तेलातला शेंदूर. खालून लावाचा होता ना? पन देवाचं खालच्या अंगानं कसं लावू, म्हनून वरतून लावला. अन् तिची टाच बरोब्बर त्याच्यावर आली."

वीस वर्षं लोक कुसुमताईला नावं ठेवत होते, आणि वीस वर्षं हा माणूस ते ऐकत होता. "मग सांगितलं काहून नाही, मिस्त्री?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता, तो मी लपवलाही नाही.

"भेलो," ते म्हणाले. "आधी लोकायले भेलो. मंग तिले."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. मी विंगेत उभी होते, कारण खुर्चीत बसणं शक्यच नव्हतं. चौरंगांच्या पायांना झालर लावलेली होती. पडदा उघडायच्या आधी मिस्त्री वाकून त्या झालरीखाली शिरले आणि सहाव्याच्या खाली जाऊन बसले. दिग्दर्शक ओरडला, "अहो, बाहेर या!" ते आले नाहीत.

मंजू चढू लागली. एक, दोन, तीन. चौथ्यावर असताना दिवे मंदावले. व्होल्टेज पडलं होतं. टेप ओढल्यासारखी वाजू लागली, ठेका लांबत चालला. पाचव्यावर मंजूची गिरकी संपली तरी सम येईना. ती तिथेच एका पायावर उभी राहिली, निरांजनाची ज्योत तिच्या गालाजवळ हलत होती, आणि त्या भरल्या नाट्यगृहात एकही माणूस खोकला नाही. मी देवीचं नाव घेत नव्हते. मी फक्त पुटपुटत होते, "पुसलंय, त्यांनी पुसलंय."

दिवे पुन्हा उजळले. टेप धावली. मंजूनं पाऊल उचललं, सहाव्यावर टाकलं, फिरली. मग सातवा. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी विंगेत खाली बसलेली होते.

पडदा पडला, मंजूला सगळ्यांनी गराडा घातला, तरी मिस्त्री बाहेर आले नाहीत. मी झालर वर केली. ते सहाव्याचे दोन पाय दोन्ही हातांनी धरून बसले होते. अंगातला सदरा घामानं चिंब.

"उतरली का?" त्यांनी विचारलं.

"उतरली, मिस्त्री. केव्हाच उतरली."

त्यांना हात सोडायचे होते, पण बोटं उघडत नव्हती. मी एकेक करून ती उघडली. "मंग आता कामठीले जाऊन येतो," ते म्हणाले. "सांगून टाकतो तिले."

त्या आठवड्यात ते गेलेही. एकटेच, बसनं. परत आल्यावर भेट झाली नाही. महिनाभरातच झोपेत गेले, असा निरोप त्यांच्या मुलानं पाठवला.

कुसुमताईला कळवायला हवं होतं, म्हणून मी कामठीला गेले. तिच्या घरी मी अनेक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि का, ते तुम्हाला सांगून झालंच आहे. केस पिकले होते, पाय तसाच ओढत चालत होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की माझी मान वर होईना. पाणी दिलं, बसवलं, आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,

"शालू, मिस्त्री येऊन गेले वं इथं. दारात बसले. मी म्हटलं आत या, तं नाई. शिलाई मशिनीच्या टेबलाचा पाय हलत होता, तो ठोकून देला, चार वेळा हलवून पायला अन् चालले गेले. तुले काही सांगितलं का, काहून आले होते ते?"

मग मी सांगितलं. गाठ, शेंदूर, वरून लावलेलं बोट, सगळं. सांगताना माझ्याच डोळ्यांना धार लागली. माझं संपल्यावर तिनं साडी जराशी वर करून तो वाकडा घोटा पाहिला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात नर्सनं पाय धुतले. आळता पान्यानं निघून गेला. टाचेवरचं काही निघे ना. मंग म्या बोट लावून पायलं, तं शेंदूर. अन् चौरंगाले हात लावनारा तिथं दुसरा कोन होता?"

"मग तू बोलली काहून नाहीस ताई? लोक काय काय म्हणाले तुला!"

"बोलली असती तं त्याले पेंडालातच मारलं असतं लोकायनं. लेकरं लहान होते त्याचे. अन् त्यानं का वाईटासाठी लावला होता?" तिनं साडी पुन्हा खाली ओढली. "पन मले वाटे, तो आपनच येऊन सांगन. लय वर्षं वाट पायली. त्या दिवशी दारात दिसला, तं म्या चहा ठेवला. घेतलाच नाई त्यानं. आजबी भेला असन, म्हटलं. तू त्याले एक डाव घेऊन ये वं माझ्याकडे. म्हनाव, कुसुम रागावत नाई."

ती चहा टाकायला उठली. मिस्त्रींना जाऊन त्या दिवशी तेरा दिवस झाले होते. तेच सांगायला मी कामठीला आले होते, आणि आता तिच्या पाठीकडे बघत, कप हातात येईपर्यंत, मला तोंड उघडायची भीती वाटत होती.