दोऱ्याला न सांगितलेली आठवण

हर्सूलच्या तलावाकडं गाठकऱ्यांची चाळीसेक घरं. त्यांची रीत जगावेगळी. हळदीच्या दिवशी आईनं लेकीची एकेक आठवण पिवळ्या दोऱ्याच्या कानात सांगायची अन् गाठ मारायची. गाठ बसली की आठवण आईची राहत नाय. सासरी विहीण गाठ सोडते, आठवण तिची होते, अन् परक्या पोरीची माया तिला लागते. ज्यानं ही रीत काढली त्याला लेक नसणार, एवढं नक्की!

साळूबाईनं थोरल्या मंजुषाच्या वेळी सगळं रीतसर केलं. आता मंजुषा दिवाळीला आली की साळूबाई शेजारणीला हळूच विचारते, "ही माझीच ना गं?"

म्हणून धाकट्या तनुजाच्या हळदीला तिनं लबाडी केली. एक आठवण राखली, ती फक्त तनुजाला ठाऊक. चार वर्षांची तनुजा तापानं फणफणलेली, रिक्षा मिळंना, अन् साळूबाई तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत गेली होती. पोर म्हणाली होती, "आई, रडू नको, मी मरत नाय." तेवढ्या एका आठवणीवर साळूबाई लेकीला ओळखत होती. आता एवढंही ठेवू नये का बाईनं?

चार महिन्यांनी शेंद्र्याहून जावयाचा, सुदर्शनचा फोन आला. "मामी, तनू तीन दिवस झाले तापानं पडलीय."

साळूबाई गेली. तनुजा भिंतीकडं तोंड करून पडलेली, ओठ सुकलेले. विहीणबाई काय वाईट नव्हती. तनुजाचं पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस, सगळं कौतुकानं सांगत होती. पण तापाचं काढलं की म्हणायची, "उतरंल की!" अन् भाकरी थापायला लागायची. तिच्या जिवाला घोरच नव्हता. घोर सगळा साळूबाईनं स्वतःकडं ठेवला होता.

हे ध्यानात आलं तशी ती तनुजाच्या उशाशी बसली. मग पदराचा दोरा ओढला अन् तोंडाशी नेला.

तनुजानं डोळे उघडले. "आई, नको गं. तेवढं राहू दे तुला."

साळूबाईनं गाठ मारली.

विहीणबाईनं ती सोडली अन् ओरडलीच, "अगं बाई, पोर भाजतीया! रिक्षा आणा कुणीतरी!" तिनं तनुजाचं डोकं मांडीवर घेतलं, रडायलाच लागली.

साळूबाई बाजूला सरकली. तिला फार वाईट वाटलं.

"लई आजारी दिसतंय लेकरू," ती म्हणाली. "हिच्या आईला कळवलं का?"