पाण्याखालचे निरोप

माझा धाकटा भाऊ पाणबुडीवर असतो, आणि तीही साधी नव्हे, अण्वस्त्रं घेऊन फिरणारी. इथे चेन्नईत, मैलापुरात, हे आम्ही कोणाला सांगत नाही. शेजारच्या मामीला सांगून ठेवलंय की तो दिल्लीत ट्रेनिंगला आहे. मामी विचारते, "इतकी वर्षं ट्रेनिंग? अजून शिकला नाही का तो?" मी म्हणते, मठ्ठ आहे हो.

मागच्या खेपेला निघायच्या आदल्या दुपारी तो जेवायला बसला होता. आईच्या पोटातल्या कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी ती भिंत धरत उठली आणि त्याच्यासाठी डांगर केलं. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत डांगर म्हणजे जीव की प्राण. बोटं चाटता चाटता तो सहज बोलून गेला. बोटीवर बाहेरचे निरोप येतात, पण आतून एक शब्द जात नाही, बोललं की आपण कुठे आहोत ते कळतं. आणि निघण्याआधी प्रत्येकाला विचारतात, घरी काही वाईट घडलं तर तुम्हाला कळवायचं का?

"तू काय सांगितलंस?" आईने विचारलं.

"नको म्हटलं. येता तर येणार नाहीच, मग कळून करू काय? तिथे डोकं शांत लागतं, आई."

मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडावर! आणि वर ताट पुढे केलं, अजून वाढ म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने मात्र वाढलं आणि लाडाने म्हणाली, "बरं केलंस, कण्णा."

तो गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विचारलं तर म्हणाली, "मज एकच हवं होतं गं. मी जाताना त्याला कळावं. ये असं कुठे म्हणते मी? नुसतं कळावं."

त्याच आठवड्यात मामा आला. मामा म्हणजे आईचा भाऊ, रिटायर्ड बँक मॅनेजर, आणि टीव्ही बघून बघून संरक्षणतज्ज्ञ. बहिणीचा हात धरून बसायचं सोडून त्याने सरकारचं धोरण समजावून सांगितलं. आपण आधी अणुबॉम्ब टाकायचा नाही. पण दुसऱ्याने टाकला आणि जमिनीवरचं सगळं गेलं, तरी समुद्राखाली आपली बोट शिल्लक असते. ती उलट वार करते.

"म्हणजे आपण असकी मेल्यावर ह्याचं काम सुरू?" आई म्हणाली. तिच्या जुन्या मराठीत असकी म्हणजे सगळी.

"तसं नव्हे. धाक राहावा म्हणून असतं ते. कोणी टाकूच नये म्हणून."

"आणि टाकलाच, तर आपल्याला काय मिळालं?"

मामाने कॉफी मागितली.

तो गेल्यावर आई उशीला टेकून बसली. मग मला म्हणाली, फोन घे आणि लिही. घरच्यांना दर आठवड्याला बोटीवर मोजक्या शब्दांचा निरोप पाठवता येतो. नौदलाच्या दफ्तरात तो वाचतात, आणि गोड असला तरच पुढे जातो. आई तिच्या मराठीत सांगायची, मी इंग्रजी करून पाठवायची. त्या दिवशी तिने एकदम बरेच सांगून टाकले. खालच्यांची मांजर व्याली. नारळाच्या झावळ्या छाटून घेतल्या. कपालीश्वराचं तेर, म्हणजे रथ, आमच्या कोपऱ्यावर अडला. घडलेलं थोडं, न घडलेलंच जास्त. शेवटचा होता, डांगराचं पीठ भाजून ठेवलंय, भुकेला ये. आणि मला बसवून पीठ खरंच भाजून घेतलं, जरा करपलं तेव्हा शिव्या घातल्या.

"मी गेल्यावर एकेक पाठव," ती म्हणाली. "मेल्यावर काम सुरू व्हायचं ते त्यालाच येतं का?" आणि हसली. मला वाटलं, माया आहे. इतकी भाबडी मी.

ती गेली तेव्हा भाड्याच्या काचेच्या बर्फपेटीत तिला ठेवून मामा दिवसभर नौदलाच्या दफ्तरात फोन करत होता. मुलाशिवाय अग्नी कोण देणार? शेवटी फोन मी घेतला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. बोट कुठे आहे, समुद्रात आहे की नाही, काहीच सांगता येणार नाही. आणि कळवू नये अशी त्यांचीच इच्छा आहे, मॅडम. अग्नी मी दिला. शास्त्री कुरकुरले. म्हटलं, मुलगा हवा असेल तर तुम्हीच जाऊन समुद्रातून काढून आणा.

मांजरीचा निरोप पाठवला तेव्हा त्याच नम्र माणसाचा फोन आला. त्याला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, हा जाईल ना? तो म्हणाला, "नियमात बसतं. चांगली बातमी आहे." मग एकेक करून सगळे गेले.

बोट परतल्यावर त्या नम्र माणसाने विचारलं, घरच्यांनी सांगायचं की आम्ही सांगू? मी म्हटलं, आम्ही.

तो दाढी वाढवून आला, पांढराफटक पडलेला. जिन्यातूनच ओरडला, "आई, विमानात काही खाल्लं नाही हं! वाढ!"

दार मी उघडलं. आधी पाणी द्यावं, हळूहळू सांगावं, असं ठरवलं होतं. कसलं काय. "आई गेली," म्हटलं. "तू गेलास त्याच महिन्यात."

चपलांच्या शेजारी तो बॅगेवर खाली बसला. "पण निरोप येत होते. परवापर्यंत."

मी सगळं सांगितलं. आई काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत. त्याला समजावून सांगावं लागलं नाही, तो त्याच धंद्यातला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"तिने हे मुद्दाम केलं," तो म्हणाला.

"हो."

मग मी पीठ कालवलं, फोडणी दिली, ताट समोर ठेवलं. तो रडत रडत जेवला. भूक लागली होती ना, बिचाऱ्याला. डबा रिकामा झाला तेव्हा त्याने आत बोट फिरवून बघितलं.

परवा तो पुन्हा निघाला. मी विचारलं, ह्या वेळी काय सांगितलंस त्यांना? त्याने बुटाची नाडी बांधता बांधता मान खाली घातली.

"तेच, अक्का. नको म्हटलं."

घरात आता वाईट घडायला मी एकटीच उरलेय.

"बरं केलंस," मी म्हटलं. "पण भुकेला येऊ नकोस. बाहेर खाऊन ये."