आत्याबाई आणि नळातले ठोके

आत्याबाई रागावल्या की हाताला लागेल ते भांडं फेकत. पण फेकण्यापूर्वी त्यातलं अन्न दुसऱ्या भांड्यात काढून ठेवत. लग्न होऊन मी ठाण्याला आले त्याच आठवड्यात हे पाहिलं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. त्यांनी पातेलं उचललं, सगळी आमटी शांतपणे कढईत ओतली, थेंबही सांडू दिला नाही, आणि मग रिकामं पातेलं माझ्या कानावरून भिंतीवर हाणलं. "अन्नाचा काय दोष? दोष तुझा," असं म्हणून पोचा आलेलं ते पातेलं घासायलाही त्यांनी माझ्याच हातात दिलं.

त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत होती. मला त्यांची भीती वाटे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मला त्यांच्याबद्दल माया वाटू लागली, ती भीती गेली म्हणून नव्हे. भीती होती तिथेच राहिली आणि माया तिच्या शेजारी येऊन बसली.

ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आलं. देशावरच्या खेड्यात दिरांनी त्यांना घराबाहेर काढायचा घाट घातला, तेव्हा तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवून त्या विळा घेऊन उंबऱ्यात बसल्या. थोरल्या दिराने चौकटीवर हात ठेवला आणि त्याचं बोट गेलं. ही हकिगत त्या भाजी निवडताना सांगत. "माझं घर राहिलं, त्याची नऊ बोटं राहिली. आणखी काय हवं होतं त्याला?" त्या पाळण्यातल्या मुलाशी माझं लग्न झालं. हे ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, स्वभावाने अगदी गरीब. ह्यांच्या भुवईवर एक खोल खूण होती, ती पाढा चुकल्याची. "मारल्याशिवाय माणसाच्या कानात शिरत नाही," हे आत्याबाईंचं ठाम मत होतं आणि त्या मताला त्या आयुष्यभर जागल्या.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. ठाण्यातल्याच कोपरीत एक नवी तीन मजली इमारत उभी राहिली होती, तिच्या मधल्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मालक तिथलाच, बाप मिठागरात राबलेला. जमीन होती, तिच्यावर त्याने भाडेकरू पिकवायला घेतले. प्रत्येक बिऱ्हाडाच्या मोरीत स्वतंत्र नळ, हे त्या काळी मोठं अप्रूप होतं. आत्याबाईंना तो नळ अर्धा दिवस फार आवडला. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की नळाच्या आत चामड्याचा वायसर असतो.

"कातड्यातून आलेलं पाणी मी देवाला घालू?" त्या कडाडल्या. दुसऱ्या दिवशी कोर्टात जायच्या आधी ह्यांना नळ खोलावा लागला. तो वायसर आत्याबाईंनी चिमट्याने उचलून गॅलरीतून खाली भिरकावला. त्याच्या जागी त्यांनी नारळाच्या करवंटीची चकती बसवली, स्वतः पाट्यावर घासून गोल केलेली. तेव्हापासून नळ कधी पुरता बंद झाला नाही. पाणी असेपर्यंत बारीक धार लागलेली असे. आत्याबाईंनी खाली घागर ठेवली आणि म्हणाल्या, "वाहतं पाणी शुद्धच असतं."

काही महिन्यांनी ठोके सुरू झाले.

नळाला पाणी सकाळी आणि दुपारी येई. ते आलं की भिंतीतून ठक-ठक-ठक असा आवाज निघायचा, तळमजल्यापासून वरपर्यंत. कुणी आत कोंडलंय आणि बाहेर पडायला धडपडतंय असं वाटे. मध्येच थांबे, कधी एखाद-दोन दिवस गप्प राही, पुन्हा सुरू होई. आज हे वाचून कुणाला हसू येईल, पण त्या आवाजाने आमची सगळी इमारत पिसाळली. तळमजल्यावरचे दोन शेजारी एकमेकांवर संशय घेऊन अंगणात लोळले आणि त्यातल्या एकाचा दात पडला. पलीकडच्या बाई आवाज झाला की आधी मुलांना बडवत आणि मग विचारत, "तुम्हीच ना रे?" एका गृहस्थांनी तर चिडून पाइपावरच हातोडा घातला. मालक खाली उभा राहून, खाडीकडे हात करून ओरडला, "कोन ठोकतंय त्या नलावर? मना सापरला तर सामान खारीत फेकीन!"

आमच्या डोक्यावर शेवंता राहायची. रत्नागिरीकडची, पंचविशीतली, काटक. नवरा दगडू गिरणीत पाळीवर जाई आणि ती हातमशीनवर चोळ्या-झबली शिवे. डाव्या हाताने कापड सरकवायचं, उजव्या हाताने चाक फिरवायचं. तिचं अर्धं घर त्या चाकावर चाललं होतं. आत्याबाईंच्या मते ठोके तिचेच होते. ती मोरीत पाइपाला टेकून सुकट कुटते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्याला पुरावाही होता. "आपण नळ पुरता सोडला की ठोके बंद पडतात. म्हणजे आपलं पाणी पडलेलं तिला वर ऐकू येतं आणि भवानी सावध होते." हा पुरावा मलाही पटला होता, कारण नळ सोडला की ठोके खरोखरच थांबत.

एका सकाळी ठोके सुरू झाले आणि नेमका त्याच वेळी वरून कुटण्याचाही आवाज आला. आत्याबाई पूजेवरून उठल्या. मी मागे धावले, पण त्या माझ्या पुढे जिना चढून गेल्या होत्या. शेवंता दारातच बसून खलबत्त्यात मसाला कुटत होती. आत्याबाईंनी तिच्या हातातला लोखंडी बत्ता हिसकावला आणि एक शब्द न बोलता तिच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शेवंता किंचाळली नाही. तिने हात पोटाशी धरला आणि आत्याबाईंकडे पाहत राहिली. "आता कूट," आत्याबाई म्हणाल्या आणि बत्ता टाकून खाली आल्या.

संध्याकाळी दगडू पाळीवरून आला. त्याने आमचं दार लाथेने उघडलं. "म्हातारे, भायेर ये!" आत्याबाई पदर खोचून समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आलेय. मार." त्याच्या हातात लोखंडी गज होता. पण विधवा बाईवर त्याचा हात उचलेना. मग त्याने ह्यांना गळपटीला धरून बाहेर ओढलं आणि गॅलरीच्या कठड्यावर त्यांचं डोकं आपटलं. दोनदा. लोकांनी सोडवलं तेव्हा ह्यांचा सदरा रक्ताने भिजला होता. मी रडत हळद दाबत होते आणि आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या वेळी मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

मालकाने निकाल लावून टाकला. ठोकणारी सापडली, महिनाअखेरीला तिने खोली रिकामी करायची. इमारतीने सुटकेचा श्वास सोडला. कुणाला तरी दोषी धरायचंच होतं, आणि सुकट खाणारी गिरणीवाल्याची बायको सगळ्यांना सोयीची होती. हाडवैद्याने शेवंताचा हात पट्ट्या लावून गळ्यात बांधला. मशीनवर तिने चादर टाकली. ह्या हाताने, ह्या दिवसांत, ठाण्यात दुसरी खोली कुठून मिळणार होती?

तिसऱ्या सकाळी पाणी आलं आणि भिंत बोलू लागली. ठक-ठक-ठक. शेवंता तेव्हा खाली अंगणात पायरीवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. दगडू कामावर होता आणि त्यांच्या खोलीला कुलूप होतं. आत्याबाईंनी गॅलरीतून वाकून तिला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सुधे, तिचा तर हात मी मोडलाय. मग ठोकतंय कोण?"

दुसरं कुणी असतं तर दार लावून आत बसलं असतं. आत्याबाई जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "आज मी प्रत्येकाच्या मोरीत येणार आहे! अडवील त्याचं टाळकं फुटेल!" कुणी अडवलं नाही. ज्या बाईने त्या इमारतीत कुणाकडे घोटभर पाणी घेतलं नव्हतं, ती सोवळं गुंडाळून घरोघरी फिरू लागली. मी मागे आणि माझ्यामागे सगळी बिऱ्हाडं. "कानांवर माझा विश्वास नाही, हात लावून बघते," असं म्हणून त्या प्रत्येक मोरीत पाइपावर तळवा टेकवत आणि डोळे मिटत. तळमजल्यावर पाइप जेमतेम थरथरत होता. शेवंताने डाव्या हाताने कुलूप काढलं, तेव्हा तिच्या मोरीवर वाळत घातलेली बोंबलांची माळ आत्याबाईंच्या डोक्याला घासली. त्या खाली वाकल्या नाहीत. तिथेही पाइपाला नुसतं कापरं होतं.

राहिलं आमचं घर. आत्याबाईंनी आमच्या नळावर हात ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा काढला. मग नळाच्या डोक्यावर एक वाटी ठेवली. वाटी नाचू लागली. त्यांनी नळ पुरता सोडला. ठोके बंद. बंद करायला पिळला, बारीक धार उरली. ठक-ठक-ठक. पुन्हा सोडला. गप्प. पुन्हा पिळला. ठक-ठक-ठक. दारात सगळी इमारत उभी होती आणि सगळ्यांच्या मागे शेवंता. दात पडलेला गृहस्थ फिसकन हसला. आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ह्यांनी कपाळाची पट्टी सावरत, खालून पाणी बंद करून, नळ खोलला. करवंटीची चकती झिजून अर्धी उरली होती आणि आत सैल होऊन थडथडत होती. भिंतीतून जाणाऱ्या पाइपाने तिचा आवाज घरोघरी पोचवला होता. आत्याबाईंनी ती तळहातावर घेतली, उलटसुलट केली. "बसव कातडं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. हातपाय चालले तोवर इमारतीमागच्या विहिरीवरून स्वतः कळशी आणत राहिल्या.

नळ बसवून झाल्यावर त्या वर शेवंताकडे गेल्या. खलबत्ता कोपऱ्यात होता. त्यांनी बत्ता उचलून शेवंतापुढे धरला आणि दारात बसून आपला उजवा हात उंबऱ्यावर ठेवला.

"मार."

शेवंताने बत्ता घेतला नाही.

"अगं, मार म्हणते ना! मी तुला विचारून मारलं होतं का?"

"डाव्या हातान मारू?" शेवंता शांतपणे म्हणाली. "माजा हात बरा होऊ दे. मग बगू."

आत्याबाई उठल्या आणि तशाच मालकाकडे गेल्या. शेवंताला काढायचं तर आधी आम्हाला काढा म्हणाल्या. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालक कंटाळून म्हणाला, "म्हातारे, नल दुरुस्त झाला ना? मंग गप ऱ्हा ना. कोन कुठं जात नाय."

शेवंताचा हात बरा झाला नाही. हाड वाकडं जुळलं. भाकरी थापता येई, पण मशीनचं चाक फिरवलं की मनगटात कळ जाई. हे कळल्यावर आत्याबाई एका दुपारी न बोलावता वर गेल्या, मशीनवरची चादर ओढून काढली आणि चाक धरून बसल्या. शेवंता बराच वेळ दारात उभी राहिली. मग आली आणि कापड सुईखाली घातलं. पुढे कित्येक वर्षं त्या चाक फिरवत आणि शेवंता कापड सरकवी. दोघी सबंध वेळ भांडत. "हलू फिरवा, दोरा तुटतोय!" "कापड नीट धर, सटवे!" कधी कात्री भिंतीवर आदळल्याचा आवाज येई. कुणी फेकली, ते खालून कळत नसे. बोंबलांच्या वासातून घरी आल्या की आत्याबाई अंघोळ करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. त्यांना कुणाची क्षमा मागताना मी कधी ऐकलं नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, "तोंडाने बोलून तिचं हाड सरळ होणार आहे का?"

त्या काही मायाळू झाल्या नाहीत. दूधवाल्याने पाणी घातलं म्हणून त्याच्याच मापाने त्याचं कपाळ फोडलं. मी पहिलटकरीण असताना माझ्यावर खेकसणाऱ्या डॉक्टरला काठी दाखवली. पण शेवंताच्या दारात ज्या दिवशी त्या हात टेकून बसल्या होत्या, त्या दिवसापासून माझा तिटकारा टिकला नाही. मी टिकवायचा प्रयत्न केला होता.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपता संपता आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. शब्द जड झाले होते. एका दुपारी त्यांनी शेवंताला बोलावणं पाठवलं. ती आली, उशाशी बसली. आत्याबाईंनी उजवा हात पांघरुणाबाहेर काढून तिच्यापुढे ठेवला.

"तुझा हात काय बरा व्हायचा नाही," त्या म्हणाल्या. "डाव्याने तर डाव्याने. मारून घे."

शेवंता त्या हाताकडे पाहत राहिली. चाक फिरवून फिरवून त्याच्या तळव्याला घट्टे पडले होते. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. आपल्या वाकड्या हाताने तिने पांघरूण ओढून तो हात झाकला.

"ऱ्हाऊ दे तसंच, मावशी," ती म्हणाली. "मी माफ नाय केलंय. आनि मारनार पन नाय."

ती वर गेली. आत्याबाईंनी हळूहळू, फार कष्टाने, हात पुन्हा पांघरुणाबाहेर काढला आणि पालथा ठेवला. मी झाकायला गेले तर मानेनेच नको म्हणाल्या. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा हात तसाच बाहेर होता. मी धरला, तो गार पडला होता.