शिवेबाहेरचा निळा तुकडा

आधीच सांगते, इथले बाकीचे अनुभव वाचून मी पोट धरून हसलेली बाई आहे. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखाली विडी मागणारा म्हातारा... माझं आपलं एकच म्हणणं असायचं, ह्या भुतांना दिवसा काही कामधंदे असतात का? माझा अनुभव मात्र भर सकाळचा आहे. पंखा चालू, शेजारी चहाचा कप आणि खालच्या बेकरीतून येणारा ताज्या बटरांचा वास. ज्यांना घाबरायची हौस असेल त्यांनी दुसऱ्याचा अनुभव वाचावा!

मी रत्नागिरीत एका लहानशा सर्व्हे ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे बनवते. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते, एवढीच काय ती ऐश. आमच्याकडे येणारा डेटा म्हणजे जमिनीवर टाकलेली बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत एक आकडा. उंचीचा नकाशा असेल तर उंची, ओलाव्याचा असेल तर ओलावा. हे येतं अख्ख्या तालुक्याचं आणि आपल्याला हवं असतं एखादंच गाव. मग गावाच्या हद्दीची रेषा त्यावर ठेवायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, ह्याच्या आतलं ठेव, बाहेरचं टाकून दे. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतो ना, अगदी तसंच. आम्ही ह्याला क्लिप करणं म्हणतो. मी हे झोपेतसुद्धा करीन.

आता ज्या गावाची ही गोष्ट, ते माझ्या मामाचं गाव. पालीहून आत जावं लागतं, एसटी दमत दमत चढते आणि मग सगळा उघडा सडा, म्हणजे कातळाचं माळरान. जांभा दगड, काजू, करवंदीच्या जाळ्या आणि पाण्याच्या नावाने शंख. शिमगा झाला की वाडीतली विहीर तळ दाखवते. मग बायका हंडे घेऊन खाली पऱ्यावर जातात. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा, तोही तोवर डबक्याएवढा उरलेला असतो. आदल्या वर्षी त्याच चढावर मामी हंड्यासकट पडली आणि तिचा गुडघा कायमचा गेला.

मुंबईहून तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या महेशने, सांगून टाकलं, बास झालं, आता तुम्ही दोघं नालासोपाऱ्याला या. नुसतं सांगून थांबला नाही, घराला लावायला नवंकोरं भलंमोठं कुलूपही पाठवलं. ते पडवीतल्या खुंटीवर टांगलेलं होतं. मामी येताजाता त्याला बोल लावायची, "टांगून ऱ्हा मेल्या, तुला काय काम देत नाय मी." बोलायची हसून, पण मला माहीत होतं, आतून ती पार हादरली होती. माझी आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हेच घर. त्या कुलपाकडे बघायचं मीही टाळायचे.

शेवटी गावाने ठरवलं, मुंबईकर मंडळाच्या मदतीने एक विहीर खोदायची. पण मंडळ म्हणालं, मागच्या खेपेला बोअर मारली, नुसता धुरळा निघाला, ह्यावेळी कोरडं गेलं तर पुन्हा आमच्याकडे येऊ नका. जागा नीट शोधायला हवी. मामाने छाती पुढे काढून सांगितलं, "आमची भाची हाय की! कॉम्प्युटरवर बसून जमिनीच्या पोटातलं सांगते." मामाला कोण आवरणार! मी आपली ओलाव्याचा डेटा घेऊन कामाला बसले. निळं म्हणजे ओलं, पिवळं म्हणजे कोरडं.

क्लिप केलं. गाव छान कापलं गेलं, जवळजवळ सगळं पिवळंधमक. पण एका बाजूला, पऱ्याच्या पलीकडे, हद्दीच्या चांगलं बाहेर, एक निळा तुकडा शिल्लक राहिला होता. काजूच्या बीसारखा आकार. रंग गडद, शाईसारखा.

मी म्हटलं, असेल काहीतरी चूक. हद्दीची रेषा तपासली, ती ठीक होती. पुन्हा क्लिप केलं, तुकडा आहे तिथेच. रिस्टार्ट केलं. नवीन फाइल घेतली. शेजारच्या दोन-तीन गावांवर करून पाहिलं, सगळी गावं शहाण्यासारखी रेषेवर कापली गेली. मामाचं गाव घेतलं की तुकडा हजर. मग मी चिडून स्वतःच्या हाताने नवी हद्द काढली, मुद्दाम लहान, पऱ्यापासून लांब. तर गाव आक्रसलं, पण तुकडा जागचा हलला नाही... पिवळ्या गावापासून दूर, पांढऱ्या पडद्यावर एकटाच बसलेला!

शेजारच्या टेबलावर आमचा निखिल बसतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो स्वतःला डॉक्टर समजतो. "ताई, बाजूला व्हा, तुम्ही रागावता म्हणून ते घाबरतं," म्हणाला आणि त्याच्या मशीनवर घेऊन बसला. थोड्या वेळाने त्याचा चहा गार झाला. त्याच्याकडेही तेच. मग त्याने मूळ डेटा उघडला, न कापलेला, अख्ख्या तालुक्याचा. आणि मला हाक मारली. मूळ डेटात ती जागा पिवळी होती! आजूबाजूच्या कातळासारखीच कोरडी. कापल्यावर मात्र निळी.

आता हे जरा समजून घ्या. कात्रीने कापड कापलं तर कापडाचा रंग बदलत नाही. क्लिप केल्याने आकडे बदलत नाहीत, बदलूच शकत नाहीत. निखिल म्हणाला, "ताई, मामांना नारळ फोडायला सांगा," आणि आम्ही दोघंही उगाच मोठ्याने हसलो.

त्या रविवारी मी नकाशाची मोठी प्रिंट गुंडाळून एसटीत बसले. गावात जाऊन मामाला काय सांगणार होते, माझं मलाच ठाऊक नव्हतं. ओल्या जागा दाखव म्हटलं होतं आणि दाखवायला होती ती एकच, तीही दुसऱ्याच्या गावात. पडवीत कागद पसरला, कोपऱ्यांवर नारळ ठेवले. मामा चष्मा लावून वाकला. "आणि ह्यो डाग कसला?"

मी मामीला बोटाने दाखवत गेले, ही आपली वाडी, हे देऊळ, हा पऱ्या. मामी कागदाजवळ सरकली. तिचं बोट पऱ्यावरून पलीकडे गेलं आणि थांबलं.

"अवो, ही तर भेटीची सहाण."

सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी टेकवायचा चौथरा. प्रत्येक गावाची आपली असते. पण ही वेगळी. पूर्वी आमच्या गावची पालखी शीव ओलांडून, पऱ्यापलीकडे त्या चौथऱ्यावर जायची आणि शेजारच्या गावची तिथेच तिला भेटायला यायची. मग एका शिमग्याला वाद झाला, आधी टेकायची कोणाची? शब्दाने शब्द वाढला, दोन्ही पालख्या न टेकताच माघारी फिरल्या. तेव्हापासून आमची पालखी पऱ्याच्या अलीकडून वळते आणि त्यांची पलीकडून. वाद घालणाऱ्यांत पुढे कोण होतं सांगू? इकडून आमचा मामा आणि तिकडून बापू गावकर, एकाच बाकावर बसून शाळा शिकलेले. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

"नवीन लग्न झालेला तवाची गोष्ट," मामी म्हणाली. "पालखी नाचवून तुमी घरी आलात की पाय चिखलाचे. माझी सारवलेली पडवी घाण करायचात. मी म्हणायची, फाल्गुनात कातळावर चिखल येतो कुठून? तर तुमी म्हणायचात, गप बस, देवाच्या कामात बाईने बोलू नये."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भर उन्हाळ्यात, सगळा सडा तापलेला असताना त्या जागी चिखल होता, आणि दोन गावांना देवाच्या भांडणात ते दिसलंच नाही!

"मी त्या बापूच्या दारात पाणी मागायला जायाचा नाय," मामाने जाहीर केलं. "त्यापरास नालासोपारा बरा."

"तुमी नका जाऊ," मामी उठत म्हणाली. "मी जाते. चल गो बाय, तो कागद घे."

गुडघा धरत, माझ्या खांद्यावर भार टाकत ती तो चढ उतरली आणि पलीकडचा चढली. मला रडू येत होतं आणि ती मात्र मला करवंदं कुठे चांगली लागतात ते दाखवत होती. बापू गावकर खळ्यात काजूबिया वाळत घालत होते. मामीने आढेवेढे घेतले नाहीत. "बापू, पाणी पायजे."

"मग बस की. तांब्या भरून देतो."

"तांब्यात मावणारा नको. सहाणीखालचा पायजे."

बापूंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग मला विचारलं, "बाय, तू शिकलेली. तुझा इश्वास हाय ह्या डागावर?"

खोटं कशाला बोला? "माझा नाही, बापू," मी म्हटलं, "पण कॉम्प्युटर काही केल्या ऐकत नाही."

बापू खो खो हसले. त्यांच्या वाडीतही टँकर यायचा, त्यांच्या सुनेलाही हंडे चुकले नव्हते. पण अडलं ते जुन्याच जागी. "आणि उद्या पालखी आधी कोणाची टेकायची?"

"दोन्ही एकदम टेकवा ना," मामी कडाडली. "चौथरा काय खाटेएवढा हाय? बारक्या पोरांना कळला असता ता तुमा दोघांना इतक्या वर्षांत नाय कळला?"

आम्ही तिथे गेलो. सगळीकडे गवत वाळून करडं झालेलं आणि सहाणीच्या पायथ्याशी हिरवं. दगडाच्या फटीत खेकड्याचं बीळ. मी फोनवर जागा जुळवून पाहिली, मी बरोबर त्या निळ्या तुकड्याच्या मधोमध उभी होते. मागे पाचोळा वाजला म्हणून वळले, तर मामा! आमच्या मागोमाग चोरपावलांनी आला होता. बापूंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने बापूंकडे. "म्हातारा झालास की रे," बापू म्हणाले. "तू काय नवरदेव दिसतोस?" मामा म्हणाला. झालं, एवढ्यावर मिटलं!

खोदायला सुरुवात केली तेव्हा बापूंनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, दोन्ही गावची लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत, झाली गेली चूक पोटात घाल... आणि दोन्ही गावं एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!" माझ्या तोंडूनही आपसूक निघालं.

पाणी लागल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोनवर मामी होती. आधी हसत राहिली, मग रडायला लागली, मग म्हणाली, "गोडा हाय गो बाय, साखरेसारखा गोडा हाय." मीही टेबलावर डोकं ठेवून रडले. निखिल बिचारा बटरांची पुडी पुढे करून उभा राहिला.

डोळे पुसून मी विहिरीची खूण करायला ती फाइल उघडली. तुकडा नव्हता.

आधी वाटलं चुकीची फाइल उघडली. मग जुनी उघडली, त्याआधीची उघडली, निखिलने त्याच्या मशीनवरची उघडली. सगळीकडे गाव रेषेवर सुरेख कापलेलं. नव्याने क्लिप केलं, तरीही तसंच. त्यानंतर मी हे किती वेळा करून पाहिलं असेल, पण तो निळा तुकडा पुन्हा कधी आला नाही. निखिल म्हणतो, मधे एखादं अपडेट आलं असेल. येऊ दे ना बाबा. पण सेव्ह करून ठेवलेल्या जुन्या फाइलीतून चित्र पुसणारं अपडेट मी तरी पाहिलेलं नाही, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांचं काय?

जमिनीखाली पाणी होतं ह्याचं मला आश्चर्य नाही. जांभ्यात भेगा असतात, पाणी झिरपतं, ते गावाची शीव विचारत बसत नाही. पण कोरड्या आकड्यांतून तो निळा तुकडा कोणी उमटवला, आणि काम झाल्यावर कोणी उचलून नेला, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधणंही मी सोडून दिलंय. पुरावा म्हणाल तर तेवढी प्रिंट आहे. मामीने ती पडवीत देवाच्या फोटोशेजारी चिकटवली आहे आणि निळ्यावर रोज हळदकुंकू वाहते. स्कॅन करायला मागितली तर म्हणाली, "इथंच बसून बघ काय बघायचा ता."

परवाच्या शिमग्याला मी मुद्दाम रजा काढून गेले. सहाणीवर दोन्ही पालख्या एकदम टेकल्या. मामा आणि बापू आपापल्या पालखीला खांदा देऊन नुसते घामाघूम झाले होते आणि एकमेकांना खुणावत होते, हळू, हळू... शेजारीच विहीर आणि पंपाची लहानशी खोली. तिच्या दाराकडे माझं लक्ष गेलं आणि मी थबकले. महेशचं ते भलंमोठं कुलूप तिथे लावलेलं होतं.

"एक चावी आमच्याकडं, दुसरी बापूकडं," मामी म्हणाली. "चांगला हाय हो कुलूप. आता कसा कामाला लागला!"