कॉलेज हललं म्हणून

सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्तीबद्दल बोलायचं असतं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही भाषण संपल्यावर. गेल्या महिन्यात माझा मोठा भाऊ, दादा, कारखान्यातून निवृत्त झाला. इथे हिंदी मुलखात, इंद्रपुरीतल्या आमच्या मराठी मंडळाने त्याचा छोटासा सत्कार ठेवला आणि धाकटा भाऊ म्हणून मला दहा मिनिटं दिली. मी पंचवीस घेतली. त्यातली वीस गेली नौदल अधिकाऱ्यांच्या त्या कॉलेजवर, जिथे दादा एकोणिसाव्या वर्षी शिकायला गेला होता आणि जिथून पाच महिन्यांत परत आला होता.

त्या कॉलेजचा इतिहास मला तोंडपाठ आहे. आधी ते दक्षिणेतल्या एका बंदरात, दुसऱ्यांच्या आवारात, तात्पुरतं. मग गोव्याच्या किनाऱ्यावर, तेही तात्पुरतंच. मग केरळात, डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे, कायमचं. पायाभरणी झाल्यावर काम किती वर्षं रेंगाळलं, तेही सांगेन. ज्याने समुद्र पहिल्यांदा लग्नानंतर पाहिला आणि पहिल्याच लाटेत एक चप्पल घालवली, त्याला हे सगळं कशाला ठाऊक असावं? तर आमच्या घरात हा इतिहास आरतीसारखा होता. बाबा सुरू करायचे, आम्ही सूर मिसळायचो.

बाबा त्याच कारखान्यात टर्बाइनच्या खात्यात फोरमन, मिरजेहून इथे नोकरीला आलेले. दादाची निवड झाली तेव्हा आमच्या रांगेतल्या झाडून सगळ्या क्वार्टरांतली माणसं स्टेशनवर पोचवायला आली होती. परत आला तेव्हा मात्र तो एकटाच ऑटोतून उतरला, एका रविवारी दुपारी, काळी पत्र्याची ट्रंक घेऊन. मी तेरा वर्षांचा, फाटकावर लोंबकळत होतो. शेजारच्या चाची अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"अरे, आ गए भैया? छुट्टी मिल गई?"

"नहीं चाची. राजीनामा दे दिया."

आता आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे जागा सोडल्याचा कागद. चाचींच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. दादा बिचारा मराठीत खरं बोलला, आणि चाचींनी ते हिंदीत ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

"चलो, झगड़ा निपट गया, अच्छा हुआ! तो वापस कब बुला रहे हैं?"

दादाने काही सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाबा दारात आले होते. पंधरा वर्षं हिंदी बोलणाऱ्या कामगारांत काढलेली; त्यांना शब्दाचे दोन्ही अर्थ पक्के ठाऊक होते. दादाच्या खांद्यावरून ते चाचींना म्हणाले, "बुलाएंगे, बुलाएंगे. कॉलेज दूसरी जगह जा रहा है ना. तब तक लड़कों को घर भेज दिया."

घरात आल्यावर आईने काही न विचारता पान वाढलं. दादा ट्रंकेचं कुलूप काढायला लागला.

"ती उघडू नकोस," बाबा म्हणाले. "जायचंय अजून."

"बाबा, मी नाही जाणार."

"हळू बोल. क्वार्टरच्या भिंती पातळ असतात."

झालं. तेव्हापासून दादाचं सगळं 'तोपर्यंत' झालं. तोपर्यंत कारखान्यात अप्रेंटिस. तोपर्यंत जुनी सायकल. ट्रंक कॉटखाली तशीच बांधलेली. आईला तिच्यात रजया ठेवायच्या होत्या, बाबांनी ठेवू दिल्या नाहीत. दुकानात, वाचनालयात, भोंग्याच्या वेळी गेटवर, कुणी ना कुणी विचारायचंच, "कब बुलावा आ रहा है?" आणि दादा मान हलवायचा. ती मान होय म्हणायची की नाही, हे मी कधी नीट पाहिलं नाही. मी वर्गात समुद्राची चित्रं काढून दाखवण्यात गुंग होतो. नौदलातल्या अधिकाऱ्याचा भाऊ म्हणून माझा भाव वधारला होता, तो मी कशाला पाडून घेऊ?

पुढे काही वर्षांनी कॉलेज खरंच गोव्याला हललं. बाबांनी ती बातमी व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचली. जणू हे स्वतःच पहाटे जाऊन पाया हलवून आले होते. तोवर दादाचं वय उलटून गेलेलं. चाची हळहळल्या, "हाय, बेचारे की उमर निकल गई!" त्यानंतर कुणी विचारेनासं झालं. बाबा गेले तेव्हा डोंगरावरचं कॉलेज अजून व्हायचंच होतं. त्यांच्यामागे आरती मी चालू ठेवली. लग्नकार्यात, पिकनिकला, आणि गेल्या महिन्यात मंडळात.

तर माझ्या भाषणाचा शेवट असा होता: "कॉलेज हललं नसतं, तर आज तुमच्यासमोर पांढऱ्या गणवेशातले कमांडरसाहेब बसले असते!" टाळ्या पडल्या. दादा उठला. मला वाटलं, आभार मानेल.

"कॉलेज नव्हतं हललं," तो माइकवर म्हणाला. "मी निघालो तेव्हा ते जिथल्या तिथे होतं. मी राजीनामा दिला. मराठीतला."

दोघंतिघं हसले. विनोद वाटला त्यांना.

"समुद्राची भीती नव्हती. कवायतीचं काही वाटायचं नाही. माणसं चांगली होती. फक्त रोज संध्याकाळी वाटायचं, आता पाचचा भोंगा झाला असेल, बाबा सायकल भिंतीला लावत असतील. घरची आठवण यायची. दुसरं कारण नाही. म्हणून घरी आलो. आणि घरात सगळे मी कधी जातोय याची वाट बघत होते."

मग त्याने खरंच आभार मानले आणि बसला. सेक्रेटरींनी घाईघाईने शाल पुढे केली. पोहे आले. लोक पोह्यांत लिंबू पिळत राहिले; गरजेपेक्षा बराच वेळ.

मी दादाजवळ गेलो. अडचणीत मी जे करतो तेच केलं, इतिहासात शिरलो. म्हणालो, "गोव्याचं साल मी बहुतेक चुकीचं सांगितलं."

"साल बरोबर होतं रे," तो म्हणाला आणि माझ्या हातातली रिकामी बशी घेऊन ठेवायला गेला.

बायकोला स्कूटरवर मागे बसवून घरी आलो. कुलूप उघडताना मीच सुरू केलं, "बाबांनी सांगितलं तेच मी सांगत आलो. आता यात माझं काय चुकलं?"

"उद्या सकाळी अयोध्या नगरला भाऊजींकडे जा," ती म्हणाली. "कॉलेजचं नाव काढू नका. माफीबिफी पण नको, त्याचंही भाषण कराल. नुसतं म्हणा, तू परत आलास ते बरं केलंस. अजून कुणीच म्हटलेलं नाही त्यांना."